सरांना पोचवायला कोण जाणार

शाळेने विद्यार्थ्यांची काळजी घ्यावी, हे मला मान्य आहे. शिक्षकांचीही घ्यावी, हे तर अगदीच मान्य आहे, कारण मी शिक्षक होतो. पण दोघांची काळजी एकाच संध्याकाळी, एकाच पायवाटेवर घ्यायची ठरवली की काय होतं ते मी जुन्नर तालुक्यात पाहिलंय. आजही आठवलं की आधी हसू येतं आणि मग राग येतो. राग नेमका कुणाचा, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन हजार सालाच्या पुढेमागे मी तिथल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागलो. नदीकाठचं बागायती गाव. बोरी, पिंपळवंडी सायकलच्या टप्प्यात. मी मूळचा डोंगरातला, आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेचा, आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीतला. आमच्याकडे भात आणि नाचणी. इथला ऊस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मनात म्हणालो, हे लोक एवढं गवत कशाला लावत असतील. पुढे उसाचे पैसे पाहिले आणि तो प्रश्न मिटला.

त्याच वर्षांत उसात बिबटे राहायला आले. त्यांना ऊस म्हणजे जंगलच वाटतं, असं पेपरात यायचं. लोक बिबट्या म्हणत नसत, सरळ वाघ म्हणत. आज कुणाची शेळी गेली, उद्या कुणाचं कुत्रं. संध्याकाळी हमखास लाइट गेलेली असायची, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. वाऱ्याने पाचट वाजलं तरी माणसं जागेवर थांबायची.

अशात वरून एक परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची आणि कर्मचाऱ्यांच्या मनोधैर्याची शाळेने काळजी घ्यावी, एवढंच त्यात होतं. कशी घ्यावी, ते नव्हतं. आमचे हेडसर परिपत्रकांवर जीव असलेले गृहस्थ. त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "घ्यायला पाहिजे." मग आम्ही सगळे "हो, घ्यायलाच पाहिजे" असं म्हणून तासांना गेलो.

दोनच दिवसांनी एक पालक आले. उंच, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, स्वतःचा चांगला बागायती मळा असलेला माणूस. त्यांची मुलगी माझ्या दहावीच्या वर्गात होती. ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

"हेडसर, पोरगी उद्यापास्नं न्हाई यायची."

"अहो, असं कसं? दहावीचं वर्ष आहे."

"वर्ष राहू द्या, राव. तुमचे ते जादा तास सुटत्यात अंधार पडल्याव. आमची वस्ती उसाच्या पार पल्याड. पोरीला वाघानं उचलली तर तुमच्या वर्षाचं काय लोणचं घालू का मी?"

ह्या मुलीबद्दल सांगायला हवं. ती हुशार होती असं मी म्हणणार नाही. गणितात अडखळत चालायची. पण एखादं उदाहरण धरलं की सोडायची नाही. वर्ग पुढे जायचा, घंटा व्हायची, तरी हिची मान वहीतच. मला अशी पोरं फार आवडतात. जादा तासांशिवाय ती गणितात सुटणार नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिला पुढे नर्सिंगला जायचं होतं. ते तिनं फक्त तिच्या आईला आणि एकदा चुकून मला सांगितलं होतं. शाळा सुटली असती तर येत्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं असतं. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ऑफिसात बसलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं.

हेडसरांनी टेबलावरचं परिपत्रक उचललं. "काळजी करू नका," ते म्हणाले. "शाळेचे शिक्षक मुलीला घरापर्यंत पोचवतील. दारापर्यंत."

पालकांनी विचार केला. मग बोट वर करून म्हणाले, "हेडसर, तुमच्या देखत सांगतो. एक दिस जरी एकटी आली, तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद. मग मला बोलवू नगा."

"कबूल," हेडसर म्हणाले.

पोचवायला कोण जाणार, हे ठरवायला सभा झाली. गावठाणातली मुलं कुणीही नेईल. रस्त्याकडेच्या वस्त्यांना मराठीचे सर तयार झाले. उसातल्या वाटेचं नाव निघाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सर, तुम्ही आहुप्याकडचे," पीटीचे सर म्हणाले. "तुमची देवराई, तुमचा वाघोबा. तुम्हाला काय त्याचं!"

आमच्या देवराईत वाघोबाचा दगड आहे, शेंदूर लावलेला. मी आयुष्यात पाहिलेला वाघ तेवढाच, आणि तो जागचा हलत नाही. पण एवढ्या लोकांसमोर हे सांगायची मला लाज वाटली. मी आपला गंभीर चेहरा करून मान डोलावली. डोंगरातला माणूस शूर असतो, अशी देशावरच्या लोकांची समजूत आहे आणि आम्ही ती कधी मोडलेली नाही.

पहिल्या संध्याकाळी मी चार-पाच मुलं घेऊन निघालो. एकेकाला त्याच्या दारात सोडत गेलो. शेवटी ती मुलगी आणि मी. कालव्याच्या चारीच्या कडेने वाट, मध्ये एक मोरी, म्हणजे चारीवरचा छोटा पूल, मोरीच्या पुढे नुसता ऊस. ती पुढे, मी मागे. खरं तर पुढे मी असायला हवं होतं, हे मला तिच्या घरी पोचल्यावर सुचलं.

त्या भागात दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय सोडत नाहीत, आणि पोचवल्याशिवायही सोडत नाहीत. दोन्ही गोष्टी एरवी फार चांगल्या. चहा झाला. मुलीचे वडील काठी आणि बॅटरी घेऊन उठले. "चला सर, मोरीपातुर येतो."

मोरीपाशी आल्यावर ते म्हणाले, "या आता. हितून गाव दिसतंय."

मी वळलो आणि माझी नजर त्यांच्या बॅटरीवर गेली. सेल उतरले होते, उजेड हळदीसारखा पिवळा पडला होता. हा माणूस मला पोचवायला आला म्हणून आता एकटा उसातून परत जाणार. काही झालं तर?

"भाऊ, तुम्ही एकटे कसे जाणार?"

"मी जातो की."

"तसं नको. मी येतो घरापर्यंत."

नको म्हणतील असं मला वाटलं होतं. "ते बी खरंय," ते म्हणाले.

आम्ही परत घरी. मुलीची आई बाहेर आली. "सरांचं काय राह्यलं व्हय?" काय राहिलं होतं ते सांगता येईना, म्हणून पुन्हा चहा झाला. मग पुन्हा काठी, पुन्हा बॅटरी, पुन्हा मोरी. मोरीवर आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. दुसऱ्याला एकटं सोडणं बरं दिसत नव्हतं. स्वतः एकटं जायची छाती तर दोघांपैकी कुणाचीच नव्हती, पण तेवढं सोडून आम्ही इतर सगळं बोललो. उसाच्या भावाबद्दलसुद्धा बोललो.

शेवटी पुन्हा घरी जाऊन त्यांनी धाकट्या भावाला हाक मारली. दोघं मला सोडतील, मग परतताना दोघं असतील. हिशेब बरोबर होता. पण धाकट्याचं घर उसाच्या दुसऱ्या अंगाला, आणि त्याची बायको म्हणाली की मग मी पोराला घेऊन एकटी मागं राहणार नाही. मला गावात पोचवायला शेवटी जे निघाले त्यात दोन बाप्ये, एक बाई, तिच्या कडेवरचं पोर आणि एक कुत्रं होतं. माझ्या खोलीच्या घरमालकीणबाईंनी दार उघडलं, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "सर, तुमच्या गावची मंडळी का?" आता दारात आलेल्या माणसांना मी तरी चहाशिवाय कसं सोडणार? माझ्याकडे दूध नव्हतं. सगळ्यांनी कोरा चहा घेतला आणि बरा झालाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांना हे सांगितलं. ते अजिबात हसले नाहीत. त्यांनी परिपत्रक काढून पहिल्या अर्ध्यावर पेन्सिलीने खूण केली. "म्हणजे विद्यार्थ्यांचं झालं. आता आपलं राहिलंय ते मनोधैर्य."

"सर, मुद्दा असा आहे," मी म्हणालो, "की जो पोचवायला जातो, त्यालाही पोचवावं लागतं. मग त्यालाही. ह्याला शेवट नाही."

"तुम्ही गणिताचे. सोडवा," हेडसर म्हणाले.

मी दोन शिक्षक मागितले. दोघं गेले की दोघं परत येतील, कुणी सोबतीला यायची गरज नाही. पीटीचे सर मला जोडीला मिळाले. अंगाने दणकट माणूस, मिशा जोरदार. वाटेला लागल्यावर कळलं की ते माझ्याहून भित्रे आहेत. पाचट वाजलं की ते माझं मनगट धरायचे आणि मग उगाच घड्याळ बघितल्यासारखं करायचे. त्यात हिशेबातली एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दोघं असलो म्हणून काय झालं? दारात आलेले दोन गुरुजी पोचवल्याशिवाय कसे सोडायचे? मुलीचे वडील आणि चुलते रोज मोरीपर्यंत येतच राहिले. त्यांची बायकामुलं एका घरात बसायची, आणि त्यांना सोबत म्हणून शेजारच्या मळ्यातली एक म्हातारी येऊन बसायची. त्या म्हातारीला आणायला आणि सोडायला कोण जायचं, ते मी विचारलं नाही. मला झोप हवी होती.

मग वन खात्याचा एक माणूस शाळेत येऊन मुलांना सांगून गेला की घोळक्याने चाला, मोठ्याने बोला, आवाज करत राहा. आवाजाचं काम पीटीच्या सरांनी अंगावर घेतलं. लेझीमची हलगी त्यांच्याच ताब्यात होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ती अशी काही बडवली की दोन मळ्यांतली माणसं बाहेर आली. एक गृहस्थ तर घाईघाईने धुतलेली टोपी घालून आले.

"वरात कुणाची, पावणं?"

"वरात नाही. जादा तास सुटलाय."

ते थोडे नाराज झाले. आमंत्रण न देता कुणीतरी लग्न उरकतंय, असा संशय त्यांना बरेच दिवस होता.

हलगीने डोकं उठायला लागलं तेव्हा मी म्हटलं, नुसतं मोठ्याने बोलू. पण रोज रोज बोलणार काय? दोन दिवसांत गावातल्या सगळ्या भानगडी संपल्या. म्हणून मी अभ्यास सुरू केला. चारीच्या कडेने चालता चालता मुलीने मोठ्याने सूत्रं म्हणायची, आम्ही मागे म्हणायची. आम्ल, अल्कली, प्रकाशाचं अपवर्तन, प्रमेय. कंठशोष करून आम्ही उसाला विज्ञान शिकवत होतो. वर्गात बोर्डासमोर जी पोर तोंड उघडायची नाही, ती तिथे ओरडून उत्तरं द्यायची. चुकली तरी ओरडूनच चुकायची. महिनाभरात तिचं गणित सुधारलं. माझ्या नोकरीत मी घेतलेले सगळ्यात चांगले तास त्या वाटेवर झाले, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

वडिलांच्या कानावरही ते पडायचं, कारण मोरीपर्यंत यायचं म्हणजे काहीतरी ओरडावं लागायचंच. एकदा आम्हाला सोडून ते भावाबरोबर परत निघाले आणि अंधारातून त्यांचा दणदणीत आवाज आला, "ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग!" मागून चुलते ओरडले, "बी वर्ग!" आम्ही मोरीवर हसून हसून बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ते दोन एबी मधीच कुठनं येतं? सुरवातीला तर ए आन बी एकेकच व्हतं." मी काठीने मातीत चौरस काढून दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "आरं, म्हंजी बांधाच्या दोनी अंगाच्या पट्ट्या." वर्गातल्या निम्म्या पोरांना हे वर्षभरात कळलं नव्हतं. मला हा माणूस मनापासून आवडायला लागला होता, हे आधीच सांगून ठेवतो.

बघता बघता ह्या प्रकाराला गावात "शाळेची फेरी" असं नाव पडलं. एकट्याने जायला घाबरणारी सगळी माणसं फेरीत यायला लागली. कुणी दळण घेऊन, कुणी रॉकेलचा डबा घेऊन. एक म्हातारबुवा केवळ गप्पांसाठी येत. वाटेतल्या घरांनी चहावरून रुसवे धरले, म्हणून आम्हाला चहाचे वार लावून घ्यावे लागले. बिबट्या एकदाही दिसला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही तालुका सोडला असता.

हेडसर खूष होते. शाळा काळजी कशी घेते, ह्याचा अहवाल वर पाठवायचा म्हणून एके दिवशी ते स्वतः फेरीला आले. नेमका त्याच दिवशी मुलीचा चुलता सोयऱ्यांच्या साखरपुड्याला गेलेला. वडील गावातूनच आमच्याबरोबर निघाले. मोरीवर येईपर्यंत बाकीची मुलं आपापल्या घरी गेली होती. उरलो आम्ही तिघे शाळेचे, मुलीचे वडील, ती मुलगी आणि शेजारच्या मळ्यातले दोघे, पाठीवर दळण घेतलेले.

मोरीवर वडील थांबले. "हेडसर, तुमी हितनंच माघारी फिरा. पोरीला मी नेतो."

"दारापर्यंत पोचवायचं कबूल केलंय," हेडसर म्हणाले.

"पर आज भाऊ न्हाई. तुमी घरी आलात तर तुमाला पोचवायला मी एकटा. माघारी येताना बी मी एकटा."

"तुम्ही पोचवायला येऊच नका," मी म्हणालो. "आम्ही तिघं आहोत. जातो आमचे आम्ही."

ते दुखावले. "हेडसर पहिल्यांदा दारात येणार आन त्यांना अंधारात तसंच लावून देऊ? लोक शेण घालतील तोंडात."

"आमी येतो की संगं," दळणवाल्यांपैकी एक म्हणाला.

"आन मग आपल्याला कोण सोडणार?" दुसरा दळणवाला त्यालाच म्हणाला.

"मी काय म्हणतो," पीटीचे सर म्हणाले, "सगळ्यांनीच गावात परत जाऊ या का?"

हेडसरांनी हात वर केला. "आपण शांतपणे विचार करू." आणि ते मोरीच्या कठड्यावर बसले. कठड्यावर बसायला जागा एकालाच होती, त्यामुळे सभेचं अध्यक्षपद आपोआपच त्यांच्याकडे गेलं. मग रीतसर चर्चा झाली. कुणी म्हणालं, हेडसरांनी मुक्कामच करावा. हेडसर म्हणाले, घरी सांगितलेलं नाही. कुणी म्हणालं, निम्म्यांनी पुढे जावं, पण सात जणांचे निम्मे कसे करायचे, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मुलीला धरून आपण सात, आणि वळून पाहिलं.

मुलगी नव्हती.

मग वडिलांनी हाक मारली. तसली हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. उसातून काही उत्तर आलं नाही. वडील धावत सुटले. त्यांच्यामागे आम्ही सगळे. दळणाच्या पिशव्या मोरीवरच राहिल्या. हेडसर चष्मा हातात धरून पळत होते. पीटीचे सर सगळ्यांच्या पुढे होते, पाचट वाजो नाहीतर आणखी काही वाजो. माझ्या पायांखालची वाट मला दिसत नव्हती. मी तिच्या नावाने ओरडत होतो आणि मनात वाघोबाला नवस बोलत होतो.

घर दिसलं. ओट्यावर कंदील, कंदिलाजवळ वही, वहीत मान घातलेली ती. आत आई भाकरी थापत होती.

"आल्या आल्या म्हणली भूक लागली," आई म्हणाली. "तुमी सगळी का पळताय?"

मुलीने वर पाहिलं. "तुमचं संपंच ना. मी आले निघून."

वडील ओट्याला धरून उभे राहिले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. श्वास जागेवर आला तेव्हा आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून की काय, ते संतापले.

"एकटी आलीस?"

"एकटीच."

"मग झालं. उद्यापास्नं शाळा बंद. हेडसर, तुमच्या देखत बोललो व्हतो का न्हाई?"

"हो," हेडसर म्हणाले. "तसं म्हणाला होतात खरं."

त्या क्षणी मला हेडसरांना चारीत ढकलून द्यावंसं वाटलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी ती मुलगीच बोलली. आवाज चढवला नाही. भांडायचा तिचा विचारही नसावा. गणितातली शंका विचारायची, तसंच तिनं वडिलांना विचारलं.

"दादा, मी रोज पहाटं डेअरीवर दूध घालाया जाते, तवा कोण असतं संगं?"

हेडसरांनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ह्याच वाटंनं जाते. अंधारच असतो. किटली घिऊन पळता बी येत न्हाई."

"ते येगळं," वडील म्हणाले.

"येगळं कसं?"

"दुधाला जावंच लागतं."

आपलंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं. ते एकदा मुलीकडे, एकदा आत बायकोकडे बघायला लागले. बायकोने त्यांच्याकडे बघितलं नाही. तव्यावरची भाकरी करपत होती, तरी तिचा हात हलला नाही.

"ती वेळ शाळेची नाही," हेडसर हळूच मला म्हणाले. आपण कुठे चुकलो नाही ना, ह्याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

मला इतकी लाज क्वचित वाटली असेल. लाज आणि राग, दोन्ही. इतके दिवस आम्ही हलग्या वाजवल्या, जोड्या लावल्या, चहाचे वार ठरवले, गुरुजींना पोचवायला बायकापोरं बाहेर काढली. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पोर रोज पहाटे हातात दुधाची किटली घेऊन त्याच उसातून एकटी जात होती. आम्हाला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. डेअरीवर पोरी दूध घालतात हे गावात कुणाला माहीत नव्हतं? कुणाच्या मनात आलं नाही, इतकंच. वाघ फक्त शाळेच्या वाटेवर असतो असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी चहा झाला नाही. आम्ही निघालो तेव्हा वडील ओट्यावरच बसून होते, टॉवेल हातात घेऊन. ते उठले नाहीत, मोरीपर्यंत येतो म्हणाले नाहीत. आम्हीही थांबलो नाही. दोघे दळणवाले मोरीवरच्या पिशव्या उचलून आपल्या मळ्याकडे गेले; हेडसर, पीटीचे सर आणि मी गपचूप चालत गावात आलो. कुणी सूत्रं म्हटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिला तास माझाच होता. तिची जागा रिकामी होती. मी शिकवत होतो, पण माझं लक्ष दाराकडे होतं. संपलं सगळं, असं मला वाटलं. फळ्यावर एक उदाहरण मी चुकीचं सोडवलं, पोरांनी दाखवलं, मी पुसलं आणि पुन्हा तसंच चुकवलं. तास संपत आला.

तेवढ्यात ती दारात आली. धापा टाकत, एक वेणी घातलेली आणि एक तशीच मोकळी. गालावर उशीचे वळ.

"येऊ का, सर?"

"एवढा उशीर का?"

ती गोंधळली होती. काय सांगावं हे तिलाच नीट कळत नव्हतं.

"झोपले व्हते, सर," ती म्हणाली. "दूध घिऊन दादा गेले. मला कुणी उठवलंच न्हाई."